पलीकडची मावशी

४ फेब्रुवारी
मावशी! आज लेक तिला चक्क मावशी म्हणाली. अख्ख्या वर्गासमोर, पडद्यावरच्या त्या बाईला. मला एकही बहीण नाही, मग ही मावशी आली कुठून? आणि मी? शाळेत "मॅडम" — ठीक आहे, तिची शिक्षिकाच आहे मी. पण हल्ली घरीसुद्धा, "मॅडम, माझा डबा कुठाय?"

५ फेब्रुवारी
राग जरा उतरलाय.
हा उपक्रम माझा. समुद्र एक, किनारे दोन, शाळा दोन. दर महिन्याला मी आणि पलीकडच्या शाळेची ती बाई आपापल्या धक्क्यावर मुलांना नेतो. पांढरी तबकडी दोरीने पाण्यात सोडायची, दिसेनाशी झाली की दोरीच्या गाठी मोजायच्या. पाणी किती गढूळ ते कळतं. मग पडद्यावर एकमेकांना आकडे सांगायचे. त्या बाईला शोधून काढलं मी! आणि माझी लेक तास संपल्यावरही तिच्याशी बोलत बसते. मी आत गेले की गप्प.
"काय चाललं होतं गं?"
"काही नाही."
मला काही नाही, तिला सगळं!

११ मार्च
धक्क्यावर भणाण वारा. आज पडद्यावरचा तासही तिथूनच. मी गाठी मोजताना चुकले — कान लेकीच्या हसण्याकडे. पलीकडून तिकडच्या वर्गातली ती झिपरी मुलगी नेहमीसारखी मलाच विचारत होती. केस सदा डोळ्यांवर, उभी कायम पडद्याच्या कडेला. "बाई, ओल्या दोरीवर गाठ सरकत नाही? कशी मारता?" तिच्याकडे न बघताच काहीतरी सांगितलं. लेक त्या बाईशी काय बोलतेय ते ऐकायचं होतं ना!
घरी हे म्हणाले, "अगं, समुद्रापलीकडच्या बाईवर काय जळतेस!" जळत नाहीये, म्हटलं. तेवढ्यात भाजी करपली. बाप-लेक हसत सुटले.

२ एप्रिल
दोन आठवड्यांसाठी मुलींची अदलाबदल. आमची एक तिकडे, त्यांची एक इकडे, आमच्याच घरी. तिकडे जायला निवड झाली लेकीची! राहणार त्या बाईच्याच घरी. बॅग आजच भरली. माझी शाल घे म्हटलं, तर म्हणे, "मावशीकडे असेल की."
पालकांची सही लागते. हे म्हणाले, "तूच कर, तुझा उपक्रम."

३ एप्रिल
केली नाही.

४ एप्रिल
त्या बाईचा फोन. मुलं नाहीत, आम्ही दोघीच, पहिल्यांदा. "तुमच्याकडे येतेय ना, ती माझी मुलगी. तीच, गाठींचं विचारणारी. घरी माझ्याशी धड बोलत नाही. दिवसभर तुमच्या गाठी मारत बसते. जमलं तर तिला विचाराल — माझं काय चुकलं?" मग म्हणाली, "तुमच्यासाठी तुमच्या लेकीला मी काही विचारू का?"
"तेच विचारा," म्हटलं.
सही केली. शाल झिपरीसाठी काढलेल्या अंथरुणावर ठेवली.