एसएसडीवरचं निळं प्लास्टिक

मंगळवार, संध्याकाळ

वाचलो! बाबांनी दोन वर्षं एका बोटानं टाइप केलेल्या गोडदेव गावच्या आठवणी शाबूत आहेत. दुसरी कॉपीच नव्हती. तीन दिवस कॉम्प्युटर तापून बंद पडत होता आणि मी आतल्या मदरबोर्डाला शिव्या घालत होतो. एवढासा बोर्ड, सगळ्या फायली साठवणारी एसएसडी त्याच्या पाठीला, हवा लागणार कुठून? आज खोलून बघितलं. एसएसडीची उष्णता ओढून घेणारी पट्टी मीच बसवलेली, पण तिचं निळं प्लास्टिक काढलंच नव्हतं! असं कसं केलं मी? ते काढल्यावर एसएसडी आता नुसती कोमट लागतेय.

टीव्हीच्या रिमोटचं प्लास्टिक काढत नाहीत म्हणून मी बाबांना रोज बोलतो. आज त्यांनी तो निळा तुकडा उजेडात धरला आणि म्हणाले, "मी निदान ठरवून ठेवतो."