खणातला बॅज

तीर्थरूप बाबा,

नमस्कार. फोनवर तुम्ही मला बोलूच देत नाही, म्हणून हे कागदावर.

मी मजेत आहे. थंडी फार आहे, पण आईच्या स्वेटरने भागतं. तिचा गुडघा कसा आहे?

मोठी बातमी म्हणजे लॅबमध्ये मी बनवलेली एक्स-रे मोजायची पट्टी चाचणीत पास झाली! पातळ प्लास्टिकवर शाईसारखं छापलेलं सेमीकंडक्टर आहे ते. आपल्या अंगासारखंच कार्बन-हायड्रोजनसारख्या हलक्या मूलद्रव्यांचं, त्यामुळे एक्स-रेचा अंगाला बसणारा डोस ती जवळपास तसाच मोजते, आणि लगेच. तुमच्या छातीवरच्या डोस मोजणाऱ्या बॅजच्या रिपोर्टसारखी तीन महिने वाट बघायला नको. सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, मनगटावर चिकटवायचं कसं सुचलं? मी ताठ मानेने सांगितलं, माझे बाबा नाशिकला एक्स-रे काढतात, त्यांच्यामुळे.

पुढचं नाही सांगितलं. रडणाऱ्या लेकराला धरायला तुम्ही स्वतः एक्स-रेच्या खोलीत थांबता, आणि त्याआधी बॅज काढून टेबलाच्या खणात ठेवता. बॅजवर आकडा वाढला तर तुम्हाला त्या खोलीतून हलवतील, म्हणून. मग रिपोर्ट शून्य आला की आम्हाला हौसेने दाखवता. बाबा, तो खणाचा रिपोर्ट आहे.

शिशाचा एप्रन तरी घालता ना? रक्त तपासलंत का?

दिवाळीत एक पट्टी घेऊन येतेय. तुमच्या मनगटावर मीच चिकटवणार, आणि ती काढायची नाही. आकडा शून्य येणार नाही, माहीत आहे मला. तुम्ही किती पोरं धरता, ते एकदा कुठेतरी लिहिलेलं मला बघायचंय.

तुमचीच हट्टी,
मृण्मयी