तेल न पाजलेलं लाकूड

परळ,
२६ एप्रिल १९६०

प्रिय मालन,

आई आणि गणपतकाका लाकूड घेऊन दारात उभे असतील, तर आधी त्यांना चहा दे आणि मग निवांत बसून हे वाच. लाकूड जड आहे, तू उचलायचं नाहीस. असलं लाकूड साऱ्या मुंबईत दुसऱ्या कुणाच्या माशांच्या टाकीत सापडणार नाही, हे मी छातीठोक सांगतो. तीस वर्षं माझगावच्या गोदीत सुतारकी केली, ती काय उगाच?

रे रोडच्या वखारींमागे भरतीने आणून टाकलेलं हे मूळ मला सापडलं. दोन फाटे, मधे मासा आरपार जाईल एवढी खोबण. कुजका भाग पटाशीने कोरून काढला, काथ्याने घासघास घासलं आणि तुझ्या आईच्या हंड्यात उकळायला टाकलं. अख्खं मावेना, म्हणून आधी एक बाजू आणि मग उलटं करून दुसरी. जावयासाठी मूळ शिजवणारा सासरा आपण पहिल्यांदाच बघतोय, असं तुझी आई म्हणाली. पाणी असं लालभडक निघालं की शेजारच्या चंपाने एवढा चहा कुणासाठी म्हणून विचारलं. मग एकवीस दिवस ते पिंपात गोड्या पाण्यात ठेवलं आणि पाणी रोज बदललं. नळावर बादलीसाठी भांडणं चालू आणि मी लाकडाला आंघोळ घालतोय! गोदीत माझी पाळी असली की गणपत पाणी बदलायचा. एवढं भिजूनही ते तरंगतच होतं, म्हणून खाली शहाबादी फरशीचा तुकडा बांबूच्या खुंटीने बसवला. खिळा नाही, सरस नाही, आणि तेल तर नाहीच नाही.

तेलाचं तुला सांगायलाच हवं. आमच्या घराण्यात पाण्यात उतरणाऱ्या लाकडाला आधी तेल पाजतात. होडी असो की वल्हं, तेल पाजल्याशिवाय ते पाण्याला दाखवायचंसुद्धा नाही, असं माझ्या आजोबांनी शिकवलं. जानेवारीत चार वर्षांनी पहिल्यांदा तुझ्या घरी यायचं ठरलं, तेव्हा रमणीकरावांच्या टाकीसाठी नेलेल्या त्या पहिल्या लाकडाला मी तीन हात तेल पाजलं होतं. तिसऱ्या दिवशी त्यांचे सगळे मासे उलटे होऊन वर आले. ते एका शब्दाने बोलले नाहीत. तू मात्र कार्डावर एकच ओळ लिहिलीस, बाबा, हे मुद्दाम केलंत का?

ते कार्ड खिशात घालून मी समुद्रकाठच्या मत्स्यालयात गेलो. तिथे टाक्या धुणारा शिवा आपल्याच गावचा निघाला. त्याला सगळं सांगितलं, तर कपाळावर हात मारून म्हणाला, "मेल्या, माशाक तेल तव्यात लागता, टाकीत नाय!" उकळणं-भिजवणं त्यानेच शिकवलं. नंतर मी विहिरीतले दोन गप्पी मासे बरणीत या लाकडाच्या ढलप्यांबरोबर पंधरा दिवस ठेवले. ठणठणीत आहेत. तेव्हा या वेळी बिनघोर टाकीत सोडायला सांग.

मालन, तेल मी मुद्दाम लावलं नव्हतं, देवाशपथ. पण मासे मेल्याचं कळलं तेव्हा मला आनंद झाला. तो चुकून झाला नव्हता. छप्पन साली संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर झालेल्या गोळीबारात गणपतचा रघू गेला, त्याला खांदा देऊन आलो आणि त्याच वर्षी तू लग्नासाठी एका गुजराती मुलाचं नाव घेतलंस. तेव्हापासून रमणीकरावांचं काहीतरी बिघडावं, असं मला वाटत राहिलं. त्या पोराने कुणावर हातही उचलला नव्हता. परवा पिंपातलं पाणी उपसताना गणपत म्हणाला की रघूच्या नावाने तुझ्या नवऱ्यावर राग धर, असं त्याने मला कधी सांगितलं नव्हतं. ज्याचा मुलगा गेला तो तुझ्या घरासाठी लाकूड धूत होता, आणि मी चार वर्षं त्याचं दुःख माझ्या रागाला लावून बसलो होतो. लाज वाटली गं. पाच दिवसांनी आपलं राज्य होतंय, चाळीत पताका लागल्यात, आणि माझीच लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी येत नाही म्हणते. तुझं बरोबर आहे. पोटात सात महिन्यांचं बाळ घेऊन, ज्याच्यावर भरवसा नाही अशा माणसाच्या घरी कोण येईल? तरी ये म्हणून हे पत्र. रमणीकरावांनाही आण. त्यांचा पाट मी माझ्या शेजारी मांडेन. पण त्याआधी हे पत्र त्यांना वाचून दाखव, एकही ओळ न गाळता. मग ते हो म्हणाले तरच ये.

तुझाच, चुकलेला
बाबा