पैसे घेणाऱ्याचं पूर्ण नाव

वहिनी,

आधी पाया पडतो, मग कबुली देतो.

तुमच्या डोळ्यावरची पट्टी निघाली, तुम्ही मला फोटोत ओळखलंत आणि माझा जीव भांड्यात पडला. आता खरं सांगतो.

ऑपरेशनचे पैसे पाठवायला इथे परदेशातल्या मनी ट्रान्सफरच्या काउंटरवर गेलो. फॉर्मवर घेणाऱ्याचं नाव मागितलं होतं. मी झोकात 'वहिनी' लिहिलं. बाई म्हणाल्या, "ओळखपत्रावरचं लिहा." अठरा वर्षं तुमच्या हातचं जेवलो, आणि नाव आठवेना!

खोलीवरचा वेल्डर म्हणाला, "डिजिटल चलनात पाठव. नाव-गाव कोणी विचारत नाही, खर्चही कमी." खरंच, फोनला पत्ता म्हणून फक्त अक्षरा-आकड्यांची लांबलचक माळ हवी होती.

"भलतीच माळ टाकली तर?"

"तर गेले. दाद कोणाकडे मागणार?"

माझा अंगठा तिथेच थांबला. तुमचा डोळा काय असा वाऱ्यावर सोडायचा?

मग तुम्हाला फोन केला आणि साळसूदपणे म्हणालो, "वहिनी, तुमच्या नावाचं स्पेलिंग सांगता?"

तुम्ही एकेक अक्षर सावकाश सांगितलंत. वर म्हणालात, "भाऊजी, तुमचे दादा गेल्यापासून माझं नाव कोणी विचारलंच नव्हतं हो."

म्हणून हे पत्र पोस्टात टाकणार नाही.

एकच कोडं राहिलंय. तुम्हाला पैसे देताना तिथल्या माणसाने पाठवणाऱ्याचं नाव विचारलं असेलच. तेव्हा तुम्ही काय सांगितलंत?

तुमचा,
भाऊजीच