दांडी वर केली की विमान खाली

बाबा, त्या दुपारी घरात जे झालं ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो. लकव्याने तुमचा उजवा हात गेला होता आणि वाचाही. जन्मभर कंपनीत वायरमन म्हणून राबलेला, तोंडाचा पट्टा कधी न थांबलेला माणूस पूनम सागर कॉम्प्लेक्समधल्या आपल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. हात चालवायला डॉक्टरांनी दिलेला रबरी चेंडू तुम्ही कॉटखाली भिरकावलात. हे पुन्हा बोलतील की नाही, या एकाच काळजीने आई खंगत चालली होती.

मी तेव्हा कॉम्प्युटर दुरुस्ती शिकत होतो. केबिन रोडचं व्हिडिओ गेम पार्लर बंद पडलं, तशी तिथली एक जॉयस्टिकची दांडी आणि भलंमोठं बटण मी मागून आणलं. शाळेत असताना त्याच पार्लरमधून तुम्ही मला कान धरून बाहेर काढलं होतंत, आणि आता तेच सामान मी तुमचा हात चालावा म्हणून घरात आणत होतो. जुना कीबोर्ड खोलून आतली सर्किटची पट्टी काढली, दांडीच्या आणि बटणाच्या वायरी तिला सोल्डर केल्या. म्हणजे दांडी हलली की कॉम्प्युटरला वाटावं, कीबोर्डवरचा बाण दाबला. हे बसवायला खोका मिळेना, म्हणून आईचा जेवायचा पाट घेतला आणि त्याला भोकं पाडली. लग्नातला पाट तो. "पाटाला भोकं पाडतात काय रे," एवढंच ती म्हणाली आणि पोळ्या लाटायला गेली.

पाट तुमच्या मांडीवर ठेवतो. तुम्ही तोंड फिरवता. पण कॉम्प्युटरच्या पडद्यावर गेममधलं विमान उडतं, तसा डावा हात आपसूक दांडीवर जातो. समोर डोंगर येतो, तुम्ही दांडी वर करता आणि विमान सरळ खाली. पुन्हा वर, पुन्हा खाली. घाईत माझ्या दोन वायरींची अदलाबदल झाली होती. विमान परत आपटलं तशी तुम्ही ती लुळी पडलेली उजवी मूठच दाणकन बटणावर हाणलीत आणि माझ्याकडे वळलात.

"गाढवा. वायर... उलटी."

आई लाटण्यासकट दारात आली. तिला वाटलं, कोणी परका माणूस घरात शिरलाय. तुम्ही स्वतःच इतके हादरलात की डाव्या हाताने आपलेच ओठ चाचपत राहिलात.

पुढे रोज विमान आपटायचं आणि रोज माझा उद्धार व्हायचा. शब्दांची वाक्यं झाली, उजवी बोटं उघडू लागली. मुर्धा गावच्या आत्याला तुम्ही सांगितलंत, "याला एवढा शिकवला, पण साध्या चार वायरी जोडता येत नाय." ती हसली, मीही हसलो. पण ते मला फार लागलं होतं. मग एका सकाळी दुसरा झटका आला आणि तेच मत घेऊन तुम्ही गेलात.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून सांगून टाकतो. वायरी मी त्याच संध्याकाळी सरळ केल्या होत्या, बाबा. दुसऱ्या दिवशी विमान नीट उडालं, आणि तुम्ही सकाळभर एक शब्द बोलला नाहीत. आई नुसती माझ्याकडे बघत होती. दुपारी मी त्या पुन्हा उलट्या जोडल्या.