दारातून विचारलेला प्रश्न

प्रिय सूनबाई,

एकाच घरात राहून पत्र लिहितोय म्हणजे म्हातारा चळला, असं वाटेल तुला. तसं असतं तर बरं झालं असतं. जे सांगायचंय ते तुझ्या तोंडावर सांगायचा दोनदा प्रयत्न केला. एकदा तू फ्रीज पुसत होतीस, एकदा कपड्यांच्या घड्या घालत होतीस. दोन्ही वेळा पाणी मागितलं आणि परत फिरलो.

मोबाइलबद्दल मी काय काय बोललोय ते तू ऐकलंच आहेस. माणसं मान मोडून त्या डबड्यात बघतात, शेजारी कोण मेलं तरी कळत नाही, वगैरे. छापखान्यात चाळीस वर्षं मशीनच्या धडधडाटात उभा राहून कान गेले, तरी नवीन काही नको म्हणत होतो. तूच हट्टानं कानाचं मशीन आणलंस, नखाएवढं, मोबाइलला जोडलेलं. आता ऐकायलाही ॲप लागणार, उद्या शिंकायलाही काढतील, असं मी म्हटलं. तू हसलीस आणि चार संध्याकाळी माझ्याशेजारी बसून शिकवलंस. दिवसभर दातांच्या लॅबमध्ये कवळ्या घासून यायचीस, नखांत पांढरी भुकटी असायची, पण एकदाही चिडली नाहीस. त्यातलं एक बटण टीव्हीसाठी होतं. फोन टीव्हीजवळ ठेवायचा, की तिथला आवाज थेट कानात.

मग एकदा माझा फोन स्वयंपाकघरात ओट्यावर राहिला. बटण चालूच होतं. मी माझ्या खोलीत आडवा झालो होतो आणि कानात तुझा आवाज आला, अगदी शेजारी बसल्यासारखा. तू तुझ्या फोनवर आईशी बोलत होतीस. दुसऱ्या शहरातल्या मोठ्या लॅबनं तुला वर्षभरासाठी बोलावलंय, तिथलं नवं काम शिकून आलीस की इथं मुख्य करणार आहेत. तुझ्या आवाजात इतका आनंद मी या घरात कधी ऐकला नव्हता. आणि लगेच म्हणालीस, पण बाबांकडे कोण बघणार? ह्यांची शिफ्टची नोकरी, मशीन काढलं की बाबांना दारावरची बेल ऐकू येत नाही, गॅस चालू राहिला तरी लक्षात येत नाही.

तेव्हाच उठून फोन उचलायला हवा होता. नाही उठलो. दुसऱ्या दिवशी फोन तिथं मुद्दाम विसरलो, तिसऱ्या दिवशीही. जनाची नाही तर मनाची तरी लाज असावी माणसाला. मला वाटलं होतं, माझ्याबद्दल काहीतरी वाईट कानावर येईल, मग मलाही रुसून बसता येईल. आठ दिवसांत एक वाकडा शब्द निघाला नाही तुझ्या तोंडून. आमचे चिरंजीव सुद्धा तुला जा म्हणत होते, मी बघतो बाबांचं, म्हणत होते. तूच पाय मागे घेत होतीस.

आणि मी काय केलं? गुडघा धरून चालायला लागलो. जिन्यात थांबून दम खायला लागलो, तोही तू मागे असलीस तरच. त्या दिवशी दूध उतू गेलं ना, ते मी समोर उभं राहून उतू जाऊ दिलं. तू शेगडी पुसलीस आणि संध्याकाळी नवऱ्याला म्हणालीस, बघितलंत ना, मी नाही म्हणून कळवते. मी खोलीत ते ऐकलं आणि मला बरं वाटलं. खरं तेच आहे. तू गेलीस तर घर खायला उठेल, ही भीती होती. ती सांगायची सोडून मी तुझ्या पायात पाय घालत बसलो.

परवा सकाळी तू माझ्या दारात आलीस. बराच वेळ चौकटीला धरून उभी होतीस. मग हळूच विचारलंस, बाबा, मी वर्षभर बाहेरगावी गेले तर तुम्हाला चालेल का? मशीन कानात होतं, चार्जिंग भरलेलं होतं. शब्द न् शब्द ऐकू आला. आणि मी कानामागे हात धरून म्हटलं, काय म्हणतेस? याचं चार्जिंग संपलेलं दिसतंय. काही नाही, चहा ठेवते म्हणालीस आणि गेलीस. शुक्रवारपर्यंत कळवायचंय तुला, तेही मला असंच चोरून कळलंय. आज बुधवार. म्हणून हा कागद तुझ्या पर्सखाली ठेवतोय. मला ऐकू आलं होतं, बाळ. चालेल मला. जा.

तुझाच,
लबाड बाबा