लांबची शिकार

३ नोव्हेंबर २००७, शनिवार

पोचले एकदाची! शैलाकाकू विमानतळावर स्वतः घ्यायला आल्या होत्या. बुकित पंजांगमध्ये नवव्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट, त्यातली एक खोली, नव्या नोकरीच्या या शहरात स्वतःचं घर मिळेपर्यंत, महिनाभर माझी. खिडकीखालून एलआरटीचा, म्हणजे इथल्या छोट्या लोकलचा, एकुलता एक डबा जातो. माझ्या लेकीला, इराला, तो खेळण्यातलाच वाटेल.

हॉलमध्ये सोफ्यामागच्या भिंतीवर हरणांची तीन मुंडकी टांगलेली आहेत आणि समोर देव्हारा. मी त्या मुंडक्यांकडे पाठ करून पोहे खाल्ले. दीनानाथकाका वीस वर्षं रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत आहेत, पण दरवर्षी रजा काढून आफ्रिकेत शिकारीला जातात. सध्या नामिबियात आहेत. आमच्याकडे अंडंसुद्धा गॅलरीत उकडतात आणि मी उतरले ती नेमकी शिकाऱ्याच्या घरी. फोनवर माझा नवरा अश्विन हसून हसून बेजार झाला.

२४ तारखेला तो इराला इथे सोडायला येणार. सहा वर्षांत तिला सोडून मी एक रात्र राहिले नव्हते. अजून एकवीस दिवस. मोजायचे नाहीत असं ठरवलंय, तरी मोजतेय.

८ नोव्हेंबर, गुरुवार

काका आज परतले. बारीक, नीटनेटके, मृदू बोलणारे. मी कुणी मिशाळ गडी येईल म्हणून घाबरून बसले होते!

उद्या लक्ष्मीपूजन, पण काकूंनी आकाशकंदील लावलाच नाही. चकल्यांचा डबाही बंद. काकांच्या हातून चूक झाली, म्हणाल्या. सोमवारी उंच गवतात नर समजून गोळी घातली ती मादीला. जवळ गेल्यावर तिच्या पोटाशी पाडस उभं दिसलं. ते पळालंही नाही. तेव्हापासून काकांच्या घशाखाली घास उतरत नाही. म्हणून काकूंनी त्या हरणीचं चक्क सुतक धरलंय.

मी काकांना विचारलं, इतक्या लांब मारायला जायचंच कशाला? ते चिडले नाहीत. म्हणाले, इथे लिफ्ट वेळेवर येते, गाडी वेळेवर येते, मीही वेळेवर येतो. तिथे पुढच्या क्षणी काय होईल ते कुणालाच ठाऊक नसतं. वर म्हणाले, "इथे मी नुसता जेवतो, उल्का. भूक मला तिथेच लागते." मला हे पटलं नाही. पण कीव आली, हे खरं.

१४ नोव्हेंबर, बुधवार

आज हरणीचा दहावा. हसू दाबून लिहितेय.

सकाळी सातला आम्ही तिघं ब्लॉकमागच्या नाल्याकाठी. काकांनी पुस्तकातून मंत्र वाचले. केळीच्या पानावर भाताचा पिंड ठेवून कावळ्याची वाट बघत बसलो. या शहरात कावळे मारून कमी केलेत म्हणे, आणि कुणी बघितलं तर कचरा टाकला म्हणून दंड व्हायचा. एकच कावळा आला. तो कठड्यावर बसून राहिला, शिवेना.

मग गावाकडे करतात तसं, गेलेल्याची राहिलेली इच्छा ओळखून शब्द देणं सुरू झालं. पुन्हा बंदूक धरणार नाही, असं काका म्हणाले. त्यांचा आवाज ऐकून मलाच ते खरं वाटलं नाही. काकूंनी दरवर्षी गाईला चारा घालायचं कबूल केलं. कावळा ढिम्म. मला साडेआठच्या आत एलआरटी गाठायची होती, म्हणून हात जोडून पटकन बोलून टाकलं, "तुझं पाडस मी माझ्या इरासारखं सांभाळीन."

कावळा तत्क्षणी शिवला. काकू रडायलाच लागल्या. मी ऑफिसात वेळेवर पोचले.

१८ नोव्हेंबर, रविवार

अश्विनचा फोन. इरा जेवत नाही. कोथिंबिरीची जुडी देठांसकट खाल्ली, कुंडीतला गवती चहा ओरबाडला. झोपते ती उभ्यानं, भिंतीला टेकून. डॉक्टर म्हणाले आईची आठवण, दुसरं काही नाही.

फोनवर ती बोललीच नाही. नुसतं नाकानं हुंगल्याचा आवाज येत होता.

मी काकूंना सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. म्हणाल्या, इरासारखं म्हणालीस ना, मग तिच्यात आणि त्या पाडसात फरक राहिलाच कुठे? मी त्यांच्यावर भडकले. शिकलेल्या बाईनं असं बोलू नये.

२१ नोव्हेंबर, बुधवार

ऑफिसात लक्ष नाही. नवीन फ्लॅट क्वीन्सटाउनला ठरलाय, पण किल्ली एक तारखेला मिळणार. आधी देत नाहीत.

काका दोन वेळा पोटभर जेवले. काकूंना बरं वाटलं. मला नाही वाटलं.

२४ नोव्हेंबर, शनिवार

इरा आली. मी धावत गेले तर माझ्या वासानं दचकून मागे सरकली. माझी इरा! तिची नजर सारखी दोन्ही बाजूंना फिरते. घरात शिरल्यावर मुंडक्यांकडे बघितलं नाही. काकांकडे बघितलं आणि जागीच थरथरत उभी राहिली.

अश्विन म्हणतो, रुळली की होईल ठीक. त्याला उद्या सकाळी परत जायचंय. त्याला दहाव्याचं सगळं सांगितलं. त्यानं माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

२५ नोव्हेंबर, रविवार

अश्विन गेल्यावर दुपारी देवासमोर बसले. मोठ्यानं म्हणाले, दिलेला शब्द मी परत घेते, तुझं पाडस तू ने.

इराचा श्वास थांबला. ओठ निळे पडले. मी ओरडले, नाही, नाही, सांभाळते, सांभाळते — तेव्हा कुठे छाती हलली.

म्हणजे शब्द मोडला तर ती मरणार. पाळला तर ती — ती इरा राहणार नाही. माझ्याच तोंडाने झालं हे. एका गाडीच्या घाईपायी.

२६ नोव्हेंबर, सोमवार

रजा टाकली. काकांनीही टाकलीय. सबंध दिवस हॉलमध्ये, आमच्या दाराकडे तोंड करून. पेपर नाही, टीव्ही नाही. काकूंनी तीनदा हाक मारली, ऐकू आली नाही.

पाणी घ्यायला गेले तर माझ्याशी अगदी प्रेमानं बोलले. म्हणाले, "आता मला लांब जावं लागणार नाही."

हातातला तांब्या पडला. काकू स्वयंपाकघरातच होत्या. त्यांनीही ऐकलं. पहाटे टॅक्सी बघते, असं त्या हळूच म्हणाल्या.

बॅग भरली. उद्या उजाडताच निघायचं. हॉटेल, कुठलंही.

२७ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळचे नऊ. निघता आलं नाही. काकू टॅक्सी बघायला खाली गेल्या त्या अजून — आणि काका बाहेरच्या दाराला आतून कुलूप लावून बसलेत. मी खोलीची कडी लावलीय. पलंग दाराला लावला. मोबाइल हॉलमध्ये राहिला. खिडकीतून ओरडले. नऊ मजले. खालून एलआरटी गेली.

इरा कोपऱ्यात. मी मध्ये बसलेय. लिहितेय, नाहीतर किंचाळत सुटेन.

हॉलमधला पंखा बंद केला त्यांनी. वारा नको असेल. त्यांचा वास इराला —

चपला काढून ठेवल्याचा आवाज. मग काहीच नाही. पावलंसुद्धा नाहीत.

काकांना हाका मारल्या. वीस वर्षं बँकेत आहात, म्हटलं. लहान मुलगी आहे, म्हटलं. घाई नाही त्यांना.

दाराखालच्या फटीत सावली. थांबली. कडी निखळलीय, पलंग सरकतोय, अगदी हळू, बोटभर —

इराला धरून ठेवलंय. काळीज धडधडतंय तिचं. तिला पळायचंय. पळाली की काका — मी सांगतेय तिला, बाळा, हलू नकोस. आई आहे ना. हलू नकोस. हलू न